पाव-पाव सेकंदाची घडी

जीवनभाऊ स्टुलावर उभा राहून भिंतीतल्या खिळ्याजवळून कॉर्कबॉल सोडून राहिला होता. बॉल सोडला की सेन्सरच्या वरच्या लाल डोळ्यासमोरून जाये, मंग खालच्या डोळ्यासमोरून जाये, अन् टेबलावरच्या लॅपटॉपवर आकडा उमटे. सरितावहिनी खाटेवर बसून तो आकडा वहीत लिहे.

"किती?"

"पॉइंट बावन्न."

"आता?"

"बावन्न."

"आता?"

"एकसष्ट."

जीवनभाऊ स्टुलावरून खाली उतरला. बॉल उचलला, परत चढला, परत सोडला.

"बावन्न," वहिनी म्हणाली. "माहा भात करपून राहिला, सांगून ठेवते."

मी नेहमीसारखा जेवाच्या टायमाले आलो होतो, दारात उभा. म्हणलं, "भाऊ, काय पोरखेळ लावला?"

"पोरखेळ कंपनीनं लावला. मी मोजून राहिलो."

खिळा तोच, बॉल तोच, उंची तीच. मंग बॉल एकदा बावन्नात पडते अन् एकदा एकसष्टात, असं कसं होईन? बॉल तं काही सुस्तावत नाही. जीवनभाऊ घडीच्या सॉफ्टवेअरचा प्रत्येक नवीन अपडेट असा चाळीस वेळा बॉल पाडून तपासे. चाळीसच्या चाळीस आकडे जुळले तं तो अपडेट ठेवाचा. एकही हुकला तं जुनंच परत टाकाचं. असे पाच अपडेट त्यानं माह्यासमोर नापास केले.

जीवन रंगारी आमच्या भागातल्या शंकरपटाचा घडीवाला होता. ज्यायनं पट पाहिला नाही त्यायच्यासाठी सांगतो. छकड्याले दोन बैल, वर हाकणारा एक धुरकरी, समोर सरळ मैदान. सुरुवातीच्या खांबाले एक डोळा, शेवटच्या खांबाले एक डोळा. जोडी पहिल्या डोळ्यासमोरून गेली की घडी चालू, दुसऱ्यासमोरून गेली की बंद. ज्याचा सेकंद कमी त्याचा नंबर. पहिल्या अन् दुसऱ्या नंबरात सेकंदाच्या शंभर तुकड्यायपैकी पाच-सात तुकड्यायचा फरक असते. माणसाच्या डोळ्याले तो दिसत नाही. म्हणून घडी लागते, अन् घडीजवळ बसणारा खरा लागते.

मी धुरकरी आहो. नववीत लॉकडाउन लागला अन् शाळा सुटली ते सुटलीच. मले कॉम्प्युटर समजत नाही. पण घाण मले समजते, अन् ही घाण मी जवळून पाहिली.

जीवनभाऊचं लाखनीले हायवेवर दुकान. आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करे, मंग कॉम्प्युटर. त्याच्या बापानं जलमभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणे केले. जीवनभाऊनं भंडाऱ्याले आयटीआय केलं. दोन हजार सहाले आमच्या गावच्या पटात पहिल्यांदा घडी मांडली तवा गावातल्या दोन-चार मोठ्या शेतकऱ्यायनं तोंड वाकडं केलं. गावाबाहेरच्या मोहल्ल्यातला माणूस आता आमच्या बैलायचा नंबर लावणार काय, असं. माहा आबाही त्यातच होता, लपवत नाही. तीन हंगामात सगळे गप झाले. कारण जीवनभाऊच्या घडीवर कोणाले बोट ठेवता आलं नाही. सरपंचाची जोडी हारली तं हारली. स्वतःच्या साळ्याची हारली तेही हारली. मंग पटाच्या मधोमध त्याची खुर्ची लागाले लागली, अन् लोक आपल्या जोडीचा आकडा सांगताना म्हणत, "जीवनच्या घडीचा आहे." एवढं म्हणलं की वाद खतम. त्या माणसाजवळ शेती नव्हती, बैल नव्हते. हेच होतं.

त्या घडीच्या सॉफ्टवेअरचं नाव 'अचूक'. पहिले दोन जणायची कंपनी होती. त्यातला एक चष्मेवाला एसटीनं लाखनीले आला, दोन दिवस धुळीत उभा राहिला, अन् जीवनभाऊले विचारे, धूळ किती उडते, उन्ह कोण्या बाजूनं येते, बैल डोळ्यासमोरून जाते तं पहिले शिंग जाते का तोंड. एकदा भर दुपारी उन्हानं डोळा आंधळा व्हाले लागला. जीवनभाऊनं फोन केला. फोन त्या चष्मेवाल्यानंच उचलला. आठ दिवसात पोस्टानं सीडी आली, सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी: चूक आमची होती, तपासून पाहा, नाही जमलं तं परत सांगा. ती चिठ्ठी मी वाचली आहे. मराठीत आहे.

मंग कोर्टानं पट बंद केले. सात-आठ वर्ष बैल गोठ्यात अन् लॅपटॉप प्लास्टिकच्या थैलीत. पट परत चालू झाले तवा कंपनी विकल्या गेली होती. मोठ्या कंपनीनं घेतली. चष्मेवाला एक वर्ष राहिला अन् गेला, का काढला, कोणाले माहीत. पहिला अपडेट आला तं पडद्याचा रंग बदलला. दुसरा आला तं लॉगिन पायजे, मोबाईल नंबर पायजे, जन्मतारीख पायजे. बैलाचा सेकंद मोजाले माणसाची जन्मतारीख कायले पायजे बे? तिसरा आला तं आकड्याखाली बुटाची जाहिरात. चौथ्यात आकडा आला की फुगे उडत. घडी मात्र दरवेळी थोडी-थोडी खराब. घर रंगवून राहिले अन् छताची म्याल सडून राहिली, तसं. मले ते पाहून ओकारी येई.

अन् जीवनभाऊ काही अपडेटचा दुश्मन नव्हता, हे नीट ऐकून घ्या. दुकानात कोणी कॉम्प्युटर घेऊन आला की पहिले विचारे, "अपडेट कधी केला होता?" माणूस म्हणे, "कायले करू, चांगला चालून राहिला." तं जीवनभाऊ त्याले झापे. "चोरायले तुह्या जुन्या कुलपाची किल्ली भेटली आहे. कंपनी नवं कुलूप फुकट देऊन राहिली अन् तू म्हणते नोको?" एका पतसंस्थेचा सगळा कॉम्प्युटर व्हायरसनं बांधून टाकला होता, तवा तीन दिवस दुकानात बसून त्यानं तो सोडवला, अन् त्यायच्या मॅनेजरले शाळेतल्या पोरासारखं उभं करून समजावलं. त्याचा नियम साधा होता. अपडेट करा. पण पहिले जुन्याची नक्कल ठेवा. मंग रिकाम्या मशीनवर करा. तपासा. मंगच कामाच्या मशीनवर. पटाचा लॅपटॉप तं तो इंटरनेटले जोडेच ना. जोडलाच नाही तं चोर येईन कुठून, अन् कंपनी तरी येईन कुठून?

आता त्या दिवसाचं सांगतो. जानेवारी, आमच्याच गावचा पट. सकाळी लहान जोड्यायचा गट झाला, सगळं बरोबर. दुपारून मोठ्या जोड्या होत्या, त्यात माही. लखन अन् तांब्या. समितीचा अध्यक्ष बाबूलाल सेठ, राइसमिलवाला. सचिव त्याचा पुतण्या कमलेश. या वर्षी त्यायनं मोठा पडदा आणला होता, आकडा पडद्यावर अन् मोबाईलवर एकाच टायमाले दिसला पायजे म्हणून.

जीवनभाऊ म्हणाला, "पडद्याले वायर देतो. नेट देणार नाही."

कमलेश म्हणाला, "भाऊ, जग कुठं गेलं अन् तुमी वायर देऊन राहिले."

"जगाले जाऊ दे. वायरनं दिसते ना आकडा? झालं."

पाहुणे आले की आमच्याकडं पट थांबते. सत्कार झाल्याबिगर बैल हालत नाही. शाल, नारळ, हार, भाषण, परत शाल. त्या वर्षी बाबूलाल सेठनं यादीत जीवनभाऊचंही नाव टाकलं होतं. इतक्या वर्षात पहिल्यांदा. माईकवर पुकारलं, "अचूक वेळेचे मानकरी जीवनभाऊ रंगारी यांनी मंचावर यावं." तो जाऊ का नोको करत होता. मीच ढकललं. म्हणलं, "जा ना भाऊ, लॅपटॉप कोणी खात नाही."

तो गेला. वर खुर्च्यायवर पाऊण तास भाषण ऐकत बसावं लागलं. तेवढ्यात कमलेशनं आपल्या मोबाईलचं नेट लॅपटॉपले जोडलं, आकडे मोबाईलवर पाठवाले. लॅपटॉपले कित्येक वर्षात पहिल्यांदा नेट भेटलं. पडद्यावर डब्बी आली, नवीन आवृत्ती तयार आहे, आता करू का? नाही म्हणाचं बटनच नव्हतं. 'आता' अन् 'थोड्या वेळानं', दोनच. कमलेशनं 'आता' दाबलं, डब्बी जावी म्हणून. जीवनभाऊ गळ्यात शाल घेऊन परत आला तवा लॅपटॉप चालू होता, आकड्याच्या जागी शून्य होतं, सगळं जिथल्या तिथं दिसत होतं. कमलेशनं काही सांगितलं नाही. अपडेट झाला म्हणजे चांगलंच झालं, असं त्याले वाटलं. सगळ्यायले असंच वाटते.

मोठ्या जोड्या सुटल्या. आसगावची पहिली, साडेसात. माही चौथी. लखन असा धावला की मले छकड्यावर पाय ठेवणं जड गेलं. पडद्यावर आलं ७.२५, अन् मैदान उठलं. मंग मोहाडीकडची जोडी, ७.५०. मंग एक ७.७५. मंग परत ७.५०. अकरा जोड्या पळाल्या. पहिला मी. पोरायनं मले खांद्यावर घेतलं, गुलाल लावला, लखनच्या शिंगाले हार बांधला.

मी खांद्यावरूनच पाहिलं, जीवनभाऊ वहीवर वाकून बसला आहे अन् हालत नाही. मी जवळ गेलो.

"भाऊ, पाहिलं का?"

"अंकुश, हे वाच."

"काय वाचू? सव्वासात. माहाच पहिला."

"सगळे वाच. अकराही."

मी वाचले. साडेसात, पावणेआठ, आठ, सव्वासात, साडेसात, पावणेआठ, साडेसात. मले काही दिसलं नाही.

"बैल कधी पाव-पाव सेकंद मोजून धावते का बे?" तो म्हणाला. "अकरा जोड्या, अन् एकाचाही आकडा मधात नाही? एकोणपन्नास नाही, त्रेपन्न नाही? तिघं बरोबर साडेसातवर?"

त्यानं लॅपटॉपवर खालच्या कोपऱ्यात पाहिलं. आवृत्तीचा नंबर बदलला होता. मंग त्यानं समजावलं तेवढं सांगतो. जुन्यात घडी डोळ्यायच्या डब्ब्यात होती. डब्बाच सेकंद मोजे, लॅपटॉप फक्त दाखवे. नव्यात कंपनीनं घडी लॅपटॉपमधी नेली, अन् बॅटरी वाचावी म्हणून लॅपटॉप एका सेकंदात फक्त चारदा डब्ब्याकडं पाहे. मधात जोडी गेली तं गेली. म्हणजे आकडा पाव सेकंद इकडं-तिकडं. आमच्याकडं पाव सेकंदात पाच नंबर बसते.

बाबूलाल सेठ आला. बक्षिसाची घाई होती.

"सेठ, हे आकडे खोटे आहेत."

"म्हणजे?"

जीवनभाऊनं सांगितलं. सेठनं अर्धंच ऐकलं. "जीवन, खाली बस. कोणाले समजते पाव अन् अर्धा? पाहुणे बसले आहेत. सगळे खूश आहेत."

"मले समजते ना सेठ."

"अगा, ज्याचा पहिला आला तो तुह्याच जवळचा आहे. तुले कायचा त्रास?"

"तोच त्रास आहे."

"आज गप राह्य. उद्या कंपनीशी बोलजो."

"उद्या बोलून आजचं खरं होते काय?"

त्यानं माईक घेतला. गळ्यात शाल तशीच होती. म्हणाला, "मंडळी, जेवणानंतर घडी खोटी चालली. लॅपटॉप मी सोडून गेलो, दोष माहा आहे. अकराही जोड्यायचे आकडे रद्द समजा." कमलेशचं नाव घेतलं नाही. कमलेश मागंच उभा होता, पायानं माती उकरत.

मैदानात पहिले कोणाले समजलंच नाही. मंग आवाज सुरू झाला. बैल काही ट्रॅक्टर नाही की परत किल्ली मारली. थकलेल्या जोडीले त्याच दिवशी दुसऱ्यांदा पळवता येत नाही. खुर्च्या पडल्या. कोणीतरी त्याच्या टेबलावर मातीचं ढेकूळ मारलं. मी सगळ्यायच्या पुढं होतो. मी हार काढून त्याच्या अंगावर फेकला अन् त्याले आईवरून बोललो. तो म्हणाला, "बोल." बस एवढंच.

परत जाताना पानठेल्याजवळ एक जण म्हणून राहिला होता, आसगाववाल्यायनं जीवनले पैसे चारले असन, त्या मोहल्ल्यातल्या लोकायचा काही भरोसा नाही. मी त्याची कॉलर धरली अन् त्याले ठेल्यावर आपटला. त्याचा दात हालला. तो म्हणाला, "आताच तं तूच त्याले शिव्या देऊन राहिला होता." मी म्हणलं, "मी देईन. तू नाही देणार."

जीवनभाऊनं त्याच संध्याकाळी जुनं सॉफ्टवेअर परत टाकून पाहिलं. चालेच ना. नव्यानं डब्ब्याच्या पोटातलंही बदलून टाकलं होतं, आता डब्बा जुन्याले ओळखेच ना. दुसऱ्या दिवशी समितीनं बालाघाटकडचा घडीवाला बोलावला अन् अकरा जोड्या परत सोडल्या. लखनचा खांदा आखडला होता. मी चौथा आलो. आसगाववाले पहिले.

मंग फोनचं. मी दुकानात बसून होतो, बोलत नव्हतो त्याच्याशी, पण बसून होतो. जीवनभाऊनं कंपनीले फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा. मंग गाणं. चाळीस मिनिटांनी एक पोरगा आला.

"सर, आपका सॉफ्टवेअर अपडेटेड है क्या?"

"अपडेट से ही खराब हुआ है."

"सर, एक बार अपडेट करके देखिए."

जीवनभाऊनं त्याले पाव सेकंदाचं सगळं सांगितलं. पोरगा म्हणाला, "सर, ये कौनसे गेम के लिए है?" बैल म्हणलं तं त्यानं परत गाणं लावलं. शेवटी तक्रारीचा नंबर दिला, तेरा आकड्यायचा. दोन मिनिटांनी मोबाईलवर मेसेज, आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. जीवनभाऊनं एक तारा दिला. उत्तर आलं, आपल्या प्रेमाबद्दल धन्यवाद.

त्यानं बॉल पाडून लिहिलेल्या वहीचे फोटो काढून पाठवले. सात वेळा. काही आलं नाही. आठव्यांदा आलं ते नवीन अपडेटचं बोलावणं. मले त्या पोराचा राग नाही. त्याले कोणी काही शिकवलंच नाही. राग त्यायचा येते ज्यायनं धुळीत उभा राहणारा माणूस काढला अन् गाणं वाजवणारा फोन ठेवला. खराब करणाऱ्यायले खराब झालं हे माहीतच नाही. अन् माहीत करून घ्याले त्यायच्याजवळ माणूस नाही.

त्यानंतर जीवनभाऊले कोणत्याच पटानं बोलावलं नाही. भानगडीचा माणूस, म्हणत. आता पोरं मोबाईलवरच 'अचूक' चालवते. फुगे उडते. दर पटात चार-चार जोड्या बरोबरीत येते. मंग समितीवाले टोपीत चिठ्ठ्या टाकते अन् लहान पोरीच्या हातून नंबर काढते. सेकंद मोजाची मशीन आणून चिठ्ठ्या काढून राहिले, अन् कोणाले लाजही वाटत नाही. बरोबरी झाली की लोक टाळ्या वाजवते. सगळ्यात जास्त शिसारी मले याचीच येते. कंपनीची नाही, आमची. खोट्याची आम्हाले सवय झाली.

मी जीवनभाऊशी महिनाभर बोललो नाही. मंग एक दिवस जेवाच्या टायमाले जाऊन बसलो, वहिनीनं ताट वाढलं, झालं. त्या दिवसाचं ना त्यानं काढलं, ना मी. दुकान चालू आहे. लोकायचे कॉम्प्युटर अपडेट करते, पहिले नक्कल काढते, मंग झापते. डोळे अन् डब्बा माळ्यावर आहे.

दिवाळीत त्याची पोरगी रश्मी कॉलेजातून आली तवा तिनं मले सांगितलं. पटाच्या दिवशी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून अकराही जोड्यायचा व्हिडिओ काढत होती, पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत. माईक ठेवल्यावर जीवनभाऊनं तिचा मोबाईल घेतला अन् ट्रॉलीच्या आडोशाले बसून एक-एक चित्र सरकवत मोजलं. माही जोडी ७.३८. दुसऱ्या नंबरची ७.५१. तिनं म्हणलं, "पप्पा, अंकुशदादाले सांगा ना, समितीले दाखवा." तो म्हणाला, "तो आपल्या घरी जेवते. मी दाखवलं तं लोकायच्या नजरेत घडी त्याची होईन."

मी त्याले शिव्या देऊन घरी पोहोचाच्या आधीच त्याले हे माहीत होतं.